एक्सेलचा पहिला मॅक्रो: सोसायटीच्या थकबाकी यादीपासून सुरुवात

दर महिन्याला एक्सेलची तीच फाइल उघडायची, त्याच रकान्याला फिल्टर लावायचा, उरलेल्या ओळी कॉपी करून दुसऱ्या शीटवर चिकटवायच्या आणि मागच्या महिन्याचं काही चुकून राहिलं नाही ना, हे बघत बसायचं. असं काम तुमच्या वाट्याला असेल, तर मॅक्रो, म्हणजे अशी कामं एक्सेलकडून आपोआप करून घेणारा छोटा प्रोग्राम, शिकायला तेवढं कारण पुरे. प्रोग्रामिंगची पदवी लागत नाही, गणित लागत नाही. आपण हाताने नेमकं काय करतो ते पायरीपायरीने सांगता आलं पाहिजे. बहुतेकांना कोड अवघड जात नाही, हे सांगणंच अवघड जातं. म्हणून या लेखात भाषा मागून येते आणि काम आधी.

मॅक्रोची भाषा म्हणजे व्हीबीए, पूर्ण नाव व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्स. १९९३ साली एक्सेल ५ बरोबर ती आली आणि आजही कॉम्प्युटरवर बसवलेल्या एक्सेलमध्ये तयार असते. वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही, डाउनलोड करावं लागत नाही. कचेऱ्या, पतसंस्था, शाळा, कारखान्यांचे हिशेब विभाग इथे वर्षानुवर्षं चालत आलेल्या फाइली याच भाषेत आहेत, त्यामुळे शिकलेलं वाया जाणार नाही.

उदाहरण म्हणून गृहनिर्माण सोसायटीचा हिशेब घेऊ. ४८ सदनिका आहेत. 'नोंद' नावाच्या शीटवर पहिल्या ओळीत मथळे आणि खाली दर सदनिकेची एक ओळ: ए रकान्यात सदनिका क्रमांक, बी मध्ये सभासदाचं नाव, सी मागील बाकी, डी या महिन्याची आकारणी, ई जमा आणि एफ मध्ये शिल्लक. 'थकबाकी' नावाच्या दुसऱ्या शीटवर दर महिन्याला ज्यांची शिल्लक शून्याहून जास्त आहे त्यांची यादी हवी, नोटीस बोर्डावर लावायला किंवा समितीच्या बैठकीत ठेवायला. तुमचं काम शाळेच्या निकालपत्रकाचं असो की दुकानाच्या उधारीचं, सांगाडा हाच राहतो.

आधी कागदावर मराठीत

कॉम्प्युटर बाजूला ठेवून हे काम नव्या माणसाला समजावताय अशा पद्धतीने लिहा. 'थकबाकीदारांची यादी काढ' एवढं पुरत नाही. असं लिहा: थकबाकीच्या शीटवरची जुनी यादी पूस. नोंद शीटवर दुसऱ्या ओळीपासून शेवटच्या भरलेल्या ओळीपर्यंत एकेक ओळ बघ. एफ रकान्यातला आकडा शून्यापेक्षा मोठा असेल तर सदनिका क्रमांक, नाव आणि शिल्लक थकबाकीच्या पुढच्या मोकळ्या ओळीत लिही. नसेल तर काही करू नकोस, पुढच्या ओळीवर जा.

यातच प्रोग्राम जवळजवळ पूर्ण झाला. 'एकेक ओळ बघ' हे लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणं, 'असेल तर' ही अट, 'पुढची मोकळी ओळ' हे लक्षात ठेवायचं एक मूल्य, म्हणजे व्हेरिएबल. एखादं वाक्य लिहिताना अडखळलात, तर अडचण कोडची नाही, कामाच्या नियमाची आहे. ज्यांनी आगाऊ भरलंय त्यांची शिल्लक वजा दाखवायची की शून्य? दहा रुपयांच्या आतली बाकी यादीत घ्यायची का? हे समितीला विचारायचे प्रश्न आहेत आणि ते आत्ताच विचारलेले बरे.

एक गोष्ट इथेच ठरवून टाका. साध्या सूत्राने होणारं काम मॅक्रोकडे देऊ नका. शिल्लक काढायला सी अधिक डी वजा ई हे सूत्र सेलमध्येच राहू द्या. ते कुणालाही दिसतं, तपासता येतं. मॅक्रो फक्त हालचालीसाठी: पुसणं, उचलणं, लिहिणं, छापणं.

तयारी

मूळ फाइलची प्रत काढा आणि सगळे प्रयोग त्या प्रतीवरच करा. याचं कारण पक्कं आहे: मॅक्रोने केलेला बदल कंट्रोल + झेड दाबून मागे फिरत नाही. मॅक्रो चालला की एक्सेलची अन्डूची यादीच रिकामी होते. मग फाइल सेव्ह न करता बंद करणं हाच एक मार्ग उरतो, आणि मध्ये चुकून सेव्ह झालं असेल तर तोही नाही.

प्रत सेव्ह करताना प्रकारांच्या यादीतून 'एक्सेल मॅक्रो-एनेबल्ड वर्कबुक' निवडा. तिचं शेपूट एक्सएलएसएम असतं. नेहमीच्या एक्सएलएसएक्समध्ये मॅक्रो राहू शकत नाही. एक्सेल तसा इशारा देतं, पण घाईत 'येस' दाबलं जातं आणि लिहिलेला सगळा कोड जातो.

मग 'फाइल', 'ऑप्शन्स', 'कस्टमाइज रिबन' असं जाऊन उजव्या यादीत 'डेव्हलपर' समोर टिक करा. वर नवा टॅब येईल. आल्ट + एफ११ दाबलं की कोड लिहायची खिडकी उघडते. पुन्हा तेच दाबलं की परत शीटवर.

या खिडकीत 'टूल्स'मधल्या 'ऑप्शन्स'मध्ये 'रिक्वायर व्हेरिएबल डिक्लरेशन' ही टिक आजच लावा. मग प्रत्येक नव्या मॉड्यूलच्या (कोड लिहायच्या पानाच्या) माथ्यावर 'ऑप्शन एक्सप्लिसिट' ही ओळ आपोआप येते आणि आधी न सांगितलेलं नाव वापरलंत तर एक्सेल लगेच थांबवतं. ही टिक नसेल तर एका अक्षराची चूकसुद्धा नवं, रिकामं व्हेरिएबल समजून खपवली जाते. तक्रार काहीच येत नाही, फक्त उत्तर चुकतं.

मराठी फाइल असेल तर हे आधी वाचा

इंग्रजी व्हिडिओंमधून शिकणारे मराठी लोक हमखास इथे अडकतात. व्हीबीएच्या खिडकीला देवनागरी येत नाही. शीटवर तुम्ही मराठीत काहीही लिहा, सेलमधलं देवनागरी व्यवस्थित राहतं. पण कोडमध्ये मराठी शब्द टाइप केला किंवा चिकटवला की त्याची प्रश्नचिन्हं होतात. मेसेज बॉक्समध्येही मराठी मजकुराचं हेच होतं. त्यामुळे शीटचं नाव 'थकबाकी' असेल आणि रेकॉर्डरने (आपण हाताने केलेल्या कृती कोडात उतरवणाऱ्या साधनाने) ते नाव कोडात लिहून घेतलं, तर तिथे '????' उमटतं आणि मॅक्रो चालवताच नऊ क्रमांकाची चूक येते: 'सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज', म्हणजे अशा नावाचं काही सापडलं नाही.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही कायमचे. पहिला, शीटला कोडपुरतं वेगळं नाव द्या. कोडच्या खिडकीत डावीकडे शीटची यादी असते (नसेल तर कंट्रोल + आर). त्यातल्या शीटवर क्लिक करून एफ४ दाबा. गुणधर्मांची जी यादी उघडते तिच्या पहिल्याच ओळीत, कंसातल्या 'नेम' समोर, इंग्रजी अक्षरांत 'नोंद' आणि दुसऱ्या शीटला 'बाकी' असं लिहा. खालच्या टॅबवरचं मराठी नाव जसंच्या तसं राहतं, उद्या कुणी ते बदललं तरी कोडला फरक पडत नाही. दुसरा उपाय मजकुरासाठी: नोटिशीचं वाक्य, मथळे, महिन्यांची नावं हे सगळं एखाद्या सेलमध्ये लिहून ठेवा आणि कोडने तिथून उचलावं. सेलमधून सेलमध्ये जाताना देवनागरीचं काहीही बिघडत नाही.

जुनी यादी श्री-लिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्या फाइलीत डोळ्यांना मराठी दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. मॅक्रोला ती खिचडीच दिसते, त्यामुळे नावं जुळवणं जमत नाही.

रेकॉर्डर: वाचण्यासाठी वापरा, चालवण्यासाठी नाही

डेव्हलपर टॅबवर 'रेकॉर्ड मॅक्रो' दाबा, एफ रकान्याला शून्यापेक्षा मोठ्या आकड्यांचा फिल्टर लावा आणि 'स्टॉप रेकॉर्डिंग' दाबा. आता आल्ट + एफ११. डावीकडे 'मॉड्यूल१' उघडलं की तुम्ही केलेली प्रत्येक कृती कोडच्या रूपात दिसेल.

इथून पुढे कोडचे शब्द मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. तुम्ही ते इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायचे आहेत. नावं आपली मराठीच ठेवा, फक्त रोमन लिपीत. महिन्यांनी कोड उघडला की 'शेवट' आणि 'ओळ' हे शब्द परक्या नावांपेक्षा लवकर ओळखीचे वाटतात.

रेकॉर्ड झालेल्या कोडमध्ये अशी ओळ सापडेल:

ॲक्टिव्हशीट.रेंज("$ए$१:$एफ$४९").ऑटोफिल्टर फील्ड:=६, क्रायटेरिया१:=">०"

नीट बघा. ४९ हा आकडा कोडमध्ये कोरला गेलाय: एक ओळ मथळ्याची आणि ४८ सदनिकांच्या. उद्या वाहनतळाची किंवा दुकानगाळ्याची एक ओळ खाली वाढली, तरी हा मॅक्रो ४९ वरच थांबेल आणि पन्नासावी ओळ यादीतून निमूट गळेल. चूक दिसणारही नाही. म्हणून रेकॉर्ड केलेला मॅक्रो जसाच्या तसा कामाला लावू नये असं माझं ठाम मत आहे. पण एखाद्या कृतीला व्हीबीएमध्ये काय म्हणतात, हे शोधायला रेकॉर्डरइतकं सोपं साधन नाही. सेलला पिवळा रंग द्यायचाय, पान आडवं छापायचंय, रकान्याची रुंदी बदलायचीय: रेकॉर्ड करा, शब्द बघा, उचला, बाकीचं पुसा. जिकडेतिकडे येणारे 'सिलेक्ट' आणि 'सिलेक्शन'ही काढून टाका. माणसाला सेलवर जाऊन तो निवडावा लागतो, कोडला लागत नाही.

आता स्वतःचा कोड

'इन्सर्ट'मधून नवं 'मॉड्यूल' घ्या आणि कागदावरची वाक्यं उतरवा:

ऑप्शन एक्सप्लिसिट

सब थकबाकीयादी()
डिम ओळ ॲज लाँग
डिम शेवट ॲज लाँग
डिम जागा ॲज लाँग

बाकी.रेंज("ए२:सी५००").क्लिअरकंटेंट्स
शेवट = नोंद.सेल्स(नोंद.रोज.काउंट, १).एंड(एक्सएलअप).रो
जागा = २

फॉर ओळ = २ टू शेवट
इफ नोंद.सेल्स(ओळ, ६).व्हॅल्यू > ० देन
बाकी.सेल्स(जागा, १).व्हॅल्यू = नोंद.सेल्स(ओळ, १).व्हॅल्यू
बाकी.सेल्स(जागा, २).व्हॅल्यू = नोंद.सेल्स(ओळ, २).व्हॅल्यू
बाकी.सेल्स(जागा, ३).व्हॅल्यू = नोंद.सेल्स(ओळ, ६).व्हॅल्यू
जागा = जागा + १
एंड इफ
नेक्स्ट ओळ
एंड सब

'सब' ते 'एंड सब' हा एक मॅक्रो. 'डिम' म्हणजे हे नाव मी वापरणार आहे असं आधी सांगणं. 'लाँग' हा पूर्णांकांचा प्रकार. जुन्या पुस्तकांत त्याऐवजी 'इंटिजर' दिसेल, तो घेऊ नका: व्हीबीएचा इंटिजर ३२,७६७ पर्यंतच मोजतो आणि एक्सेलच्या शीटवर आज १०,४८,५७६ ओळी असतात. मोठ्या यादीवर इंटिजर 'ओव्हरफ्लो' म्हणून कोसळतो.

'सेल्स(ओळ, ६)' यात आधी ओळ, मग रकाना, आणि रकाना आकड्यात: ए म्हणजे १, एफ म्हणजे ६. शीटवर आपण 'एफ५' म्हणतो, रकाना आधी. इथे उलटं आहे, सुरुवातीला गोंधळ व्हायचाच.

'शेवट'ची ओळ विचित्र वाटेल, पण तिचा अर्थ सरळ आहे. 'रोज' म्हणजे इथे ओळी. पहिल्या रकान्यात शीटच्या अगदी तळाला जा, तिथून कंट्रोल + वरचा बाण दाबल्यासारखं वर ये, पहिला भरलेला सेल लागला की त्याच्या ओळीचा क्रमांक सांग. वरून खाली का जायचं नाही? मध्ये एखादा सेल रिकामा असला तर तिथेच थांबायला होतं आणि खालची अर्धी सोसायटी सुटते. रकान्याची निवडही विचारपूर्वक करा: जो कधीच मोकळा राहत नाही तो घ्या, म्हणून इथे सदनिका क्रमांकाचा.

आता चालवा, पण एफ५ ही कळ दाबून एकदम नाही. कर्सर मॅक्रोच्या आत ठेवा आणि एफ८ दाबत राहा. दर दाबण्याला एकच ओळ चालते, पुढची ओळ पिवळी होते. शीट आणि कोड शेजारी शेजारी ठेवा. माउस 'ओळ' या शब्दावर नेलात तर तिची त्या क्षणीची किंमत दिसते. सदनिका क्रमांक थकबाकीच्या शीटवर जाऊन बसताना डोळ्यांनी बघितला की लूप म्हणजे काय, हे वेगळं समजवावं लागत नाही. नवख्या माणसाने सगळ्यात जास्त वेळ एफ८ वर घालवावा असं मी आवर्जून सांगेन. एआयकडून किंवा ओळखीच्याकडून तयार कोड आणलात, तरी तो आपल्या फाइलीच्या प्रतीवर आधी असाच एकेक ओळ चालवून बघा.

अडेल तिथे

तेरा क्रमांकाची चूक, 'टाइप मिसमॅच', लवकरच भेटेल. 'डीबग' दाबलंत की दोषी ओळ पिवळी होते. आपल्या मॅक्रोत ती बहुतेक 'इफ'ची असेल. 'ओळ' वर माउस न्या, समजा १७ आहे. शीटवर सतरावी ओळ बघा: कुणीतरी शिल्लकेचं सूत्र पुसून 'भरले' असं लिहिलेलं असतं किंवा सूत्राने '#व्हॅल्यू!' सारखी चूक दाखवलेली असते. शब्दाची शून्याशी तुलना करता येत नाही, म्हणून मॅक्रो थांबला. अशा वेळी 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' ही ओळ माथ्यावर टाकण्याचा सल्ला कुणी देईल. ऐकू नका. त्याने चूक जात नाही, दिसेनाशी होते, आणि पैशांच्या यादीत चूक दिसेनाशी होणं सर्वांत वाईट. शीटवरचा सेल दुरुस्त करा.

तारखा ही दुसरी डोकेदुखी. बँकेच्या खातेउताऱ्यात '०५/०४/२०२५' असा मजकूर आला आणि मॅक्रोने तो मजकूर म्हणूनच सेलमध्ये लिहिला, तर व्हीबीए तो अमेरिकी पद्धतीने वाचतो: ५ एप्रिलचा ४ मे होतो. २५ तारखेला मात्र पंचविसावा महिना नसल्याने तो निमूट आपल्याकडच्या, दिवस आधी या पद्धतीने वाचतो. म्हणजे निम्मा उतारा बरोबर, निम्मा चूक. मजकुरातून वर्ष, महिना, दिवस वेगळे काढा आणि 'डेटसीरियल(२०२५, ४, ५)' असं, वर्ष आधी या क्रमाने द्या. मग संदिग्धता उरत नाही.

बँकेच्या वेबसाइटवरून कॉपी केलेल्या उताऱ्यात नावं सारखी दिसूनही जुळत नसतील, तर शेवटी न दिसणारी मोकळी जागा चिकटलेली असते. साधी असेल तर 'ट्रिम' काढतं. वेबपानांवरून येणारी १६० क्रमांकाची जागा ट्रिमला दाद देत नाही, तिच्यासाठी 'रिप्लेस'मध्ये 'सीएचआरडब्ल्यू(१६०)' द्यावं लागतं.

उताऱ्यातल्या नको असलेल्या ओळी लूपने उडवायच्या असतील, तर खालून वर या: 'फॉर ओळ = शेवट टू २ स्टेप -१'. वरून खाली गेलात तर पाचवी ओळ उडाली की सहावी वर सरकून पाचवी होते, पण लूप सहावर गेलेला असतो. ती सरकलेली ओळ तपासलीच जात नाही.

आकडे कोडात कोरू नका

व्याजाचा दर, मासिक आकारणी, देय तारीख यांसाठी 'सेटिंग' नावाचं छोटं शीट ठेवा आणि कोडने तिथून वाचावं. वार्षिक सर्वसाधारण सभेत आकारणी वाढली की नव्या सचिवाने सेलमधला आकडा बदलला की झालं, कोड उघडायची वेळ येऊ नये. त्याच शीटवर मॅक्रो काय करतो, कोणत्या क्रमाने चालवायचा आणि कोणते रकाने हलवायचे नाहीत, हे चार ओळींत मराठीत लिहा. मध्ये एक रकाना घुसवला की ६ म्हणजे शिल्लक राहत नाही, हे पुढच्या माणसाला कळायला दुसरा मार्ग नाही.

डेव्हलपरच्या 'इन्सर्ट'मधून बटण घेऊन त्याला 'थकबाकीयादी' जोडा. बटणावर मजकूर मराठीत लिहिता येतो, ते शीटचं अंग आहे, कोडचं नाही.

फाइल दुसऱ्याला देताना

मॅक्रोतून व्हायरस पसरतात. १९९९ साली 'मेलिसा' वर्डच्या मॅक्रोवर स्वार होऊन ईमेलने जगभर गेला होता. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली. त्यामुळे खजिनदाराला ईमेलने पाठवलेली तुमची फाइल त्यांच्याकडे लाल पट्टी दाखवून बसेल. फाइल बंद करून तिच्यावर उजवं क्लिक, 'प्रॉपर्टीज', खाली 'अनब्लॉक'ची टिक, मग ओके. पाठवणारा माहीत असेल आणि फाइल अपेक्षित असेल तरच हे करायचं, हेही त्यांना सांगा. सगळ्या मॅक्रोंना सरसकट परवानगी देणारा पर्याय सेटिंगमध्ये आहे, त्याला हात लावू नका.

मोबाइलवरच्या आणि ब्राउझरमधल्या एक्सेलवर व्हीबीए चालत नाही. फाइल उघडते, आकडे दिसतात, बटण मात्र गप्प राहतं. समितीतले सगळे गूगल शीट्सवर काम करत असतील, तर तिथे ॲप्स स्क्रिप्ट आहे. तिची भाषा जावास्क्रिप्ट. कंसांची धाटणी वेगळी, पण कागदावर लिहिलेली मराठी वाक्यं तीच चालतात, आणि तिथल्या कोडमध्ये देवनागरी थेट लिहिता येते.